जर्मन सूर

बाबांच्या पेटीत जर्मन सूर होते. पेटी दुरुस्तीला येणारे काका झाकण उघडायचे, आतल्या पितळी पट्ट्यांवरून हलकेच फडकं फिरवायचे आणि दर खेपेला बजावायचे, "हे जपा हो, असे सूर आता मिळत नाहीत." जुन्या पेटीवाल्यांत 'जर्मन सूर' आणि 'पॅरिस सूर' हे शब्द घराण्याचं नाव घ्यावं तसे घेतले जातात. परदेशातून बोटीने आलेले हे सूर इथल्या सागवानी खोक्यांत बसले आणि पेटी आपली झाली. 1911 साली 'मानापमान' रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवाले होते. आमची पेटी आजोबांनी घेतलेली. बाबा तिच्यावर मिरजेच्या भजनी मंडळाला साथ करत आणि त्यांना दोन्ही हात मोकळे हवे असले की भाता मारायला मी बसे.

पुढे नोकरीने मला ते सूर जिथून आले त्याच देशात नेलं. टुटलिंगेन हे दक्षिण जर्मनीतलं डॅन्यूबच्या काठचं गाव. नदी इथे अजून लहान आहे. गावात जिकडेतिकडे शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे आणि दुर्बिणी बनवणारे कारखाने आहेत. त्यांतल्या एकात मी सुट्या भागांची तपासणी करते. पेटी बरोबर आणावी असं फार वाटे, पण हिवाळ्यात घरं तापवलेली असतात, हवा कोरडी ठक्क होते. त्या हवेत लाकूड तडकेल, अशी बाबांना भीती. पेटी मिरजेतच राहिली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहत. इमारतीतली सगळी त्यांना ओमा म्हणत, मीही म्हणू लागले. या श्वाबेन भागात जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी प्रत्येक घराला लागते. माझी पाळी आली, तेव्हा ओमांनी दारात उभं राहून कठड्याच्या सळ्या कशा पुसायच्या ते दाखवलं. पुसता पुसता मी भूप गुणगुणत होते. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझा तिसरा सूर पियानोच्या तिसऱ्यापेक्षा किंचित खाली आहे. आणि तो तसाच बरा वाटतो."

मी पुसणी खाली ठेवली. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो, हे बाबा पेटीला नावं ठेवणाऱ्या गवयांना सांगत. पण जिना पुसताना गुणगुणलेल्या सुरात ते ओळखणारा कान मला तोवर भेटला नव्हता. विचारलं तेव्हा कळलं, की ओमा पंधराव्या वर्षापासून शेजारच्या ट्रोसिंगेन गावी, होनरच्या कारखान्यात सूर लावायचं काम करत होत्या. आधी माउथ ऑर्गनचे, मग अकॉर्डियनचे.

ट्रोसिंगेनला मी त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा गेले. मुख्य रेल्वेमार्गावरच्या स्टेशनातून गावात जायला एक छोटी आगगाडी आहे, 1898 पासूनची आणि सुरुवातीपासून विजेवर चालणारी. मॅथियास होनर हा या गावचा घड्याळजी. त्याने 1857 साली माउथ ऑर्गन करायला घेतले. त्याच्या मुलांच्या काळात, 1903 पासून, तिथे अकॉर्डियन होऊ लागले. शेतकऱ्यांच्या घरांत बायकापोरं सुटे भाग जुळवून देत, आणि एवढ्याशा गावातून बोटी भरभरून वाद्यं बाहेर जात. मेक्सिकोच्या सीमेवर, कोलंबियाच्या वायेनातो गाण्यांत, आयर्लंडच्या नाचांत ती अशी मुरली, की तिथल्या पोरांना ती आपल्याच मातीतली वाटतात. अमेरिकेच्या लुइझियानात केजन लोक जर्मनीतून येणारे 'मोनार्क' आणि 'स्टर्लिंग' नावाचे एका ओळीचे अकॉर्डियन वाजवत. दुसऱ्या महायुद्धात ते यायचे थांबले, तेव्हा तिथले कारागीर जुनी वाद्यं उकलून त्यांच्यासारखी नवी करू लागले. मिरजेची पेटी मला या पंगतीत बसलेली दिसते. आपणही सूर बाहेरून घेतला आणि खोकं आपलं केलं.

ट्रोसिंगेनला जुन्या कारखान्याच्या इमारतीत हार्मोनिका संग्रहालय आहे. तिथे व्हेनान्झिओ मोरिनो आणि जिओव्हानी गोला या इटलीहून आलेल्या कारागिरांची नावं घेतलेली वाद्यं आहेत. गोला तर आजही अकॉर्डियनवाल्यांच्या स्वप्नात येतो. ओमा काचेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गोला मोठा माणूस होता. पण त्याच्या खालच्या वर्गातली जी हजारो वाद्यं इथून गेली, ती आम्ही लावली. आम्हाला कानाचे पैसे मिळत नसत, नगाचे मिळत." एवढं बोलून त्या पुढच्या कपाटाकडे वळल्या. मी मात्र तिथेच थांबले. जगभर गेलेल्या त्या खोक्यांवर कंपनीचं नाव आहे, मॉडेलचं आहे. ज्या बाईने प्रत्येक जीभ तासून तिला तिचा सूर दिला, तिचं नाव कुठेही नाही. मी जे आज वाजवते त्याचं देणं मी त्या बाईला लागते, कंपनीला नाही, हे तिथे मनात पक्कं झालं.

वाद्य घ्यायचं ठरल्यावर ओमांनी सगळी सूत्रं हातात घेतली. माझ्या डोळ्यासमोर पियानोसारख्या पट्ट्यांचा अकॉर्डियन होता, आपल्या सिनेसंगीतात पुण्याच्या इनॉक डॅनियल्सनी वाजवला तसा. ओमा म्हणाल्या, "तो नंतर. आधी बटणांचा घे. त्याच्यावर श्वास कळतो." ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्यात एक गृहस्थ वडिलांचं घर रिकामं करत होते. तिथे होनरचा 'क्लब' मॉडेलचा जुना अकॉर्डियन होता. शिंपल्यासारखं चमकणारं सेल्युलॉइड, उजव्या हाताला बटणांच्या दोन पूर्ण ओळी आणि एक तोकडी, डाव्या हाताला आठ बटणं.

ओमांनी आधी वाद्याचा वास घेतला. तळघरात ठेवलेल्या वाद्याला बुरशीचा वास येतो, आणि तो आला की आत सुरांना गंज चढला असं समजायचं. मग भात्याचा बंद सोडून, एकही बटण न दाबता, एका बाजूने वाद्य हातात धरलं आणि दुसरी बाजू मोकळी सोडली. भाता झरझर खाली गेला तर घड्यांतून नाहीतर झडपांमधून हवा गळतेय. हा सावकाश, जड पावलांनी उतरला. मग एकेक बटण, दाबताना आणि ओढताना. पाच-सहा सूर घोगरे होते, दोन मुके. गृहस्थांनी दीडशे युरो सांगितले. मी कमी करून घ्यायला तोंड उघडणार, तोच ओमांनी माझ्या दंडावर हात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "याच्या बापाने इतकी वर्षं वाद्य कोरड्या जागी ठेवलं, दर वर्षी भाता उघडून हवा दिली. ते पैसे त्याचे आहेत."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ते उघडलं. भात्याच्या कडेच्या खिळ्या एकेक करून काढल्या, कुठली कुठली ते कळावं म्हणून कागदावर तशाच क्रमाने टोचून ठेवल्या. आतून मेण आणि राळेचा वास आला. सूर लाकडी ठोकळ्यांवर याच मिश्रणाने चिकटवलेले असतात. पट्टी धातूची, तिच्या दोन अंगांना पोलादाची एकेक जीभ, एका टोकाला रिबिटाने बसवलेली. भाता दाबताना एक बोलते, ओढताना दुसरी. गप्प बसलेल्या जिभेशी हवा फुकट जाऊ नये म्हणून उलट बाजूला चामड्याची नखाएवढी रुंद पट्टी असते. ती चामडी वाळून वर वळली होती. घोगरेपणा तिथेच होता. मुक्या सुरांत एकाखाली लाकडाचा कण अडकला होता, दुसऱ्याचं मेण सुटलं होतं.

चामडी बदलून झाल्यावर ओमांनी कपाटातून एक छोटी डबी काढली. आत त्यांची कानस. चपटी, बारीक दाताची, मूठ घामाने आणि वापराने काळी गुळगुळीत झालेली. एक पातळ पोलादी पान त्यांनी जिभेखाली सरकवलं, म्हणजे कानशीच्या दाबाने जीभ वाकत नाही. टोकाकडे तासलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी, रिबिटाजवळ तासलं की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. ओढ नेहमी लांबीच्या दिशेने, आडवी नाही. आडवा ओरखडा राहिला तर जीभ पुढे कधीतरी तिथेच तुटते. चार ओढी झाल्या की त्या हात काढत आणि वाट बघत. तासताना धातू तापतो, तापलेला सूर खोटा असतो. शिवाय टेबलावर लावलेला सूर वाद्यात बसला की थोडा सरकतो, कारण आतल्या पोकळीचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून बसवायचं, ऐकायचं, काढायचं, दोन ओढी, परत बसवायचं. चष्मा कपाळावर सरकवलेला आणि डोळे मिटलेले. संधिवाताने वाकडी झालेली ती बोटं कानस धरली की सरळ होत.

दोन-तीन आठवड्यांनी वाद्य बोलू लागलं, तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावून बाबांना ऐकवलं. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाळ, छान आहे, पण सूर हलतोय. लाटा येतात त्याच्यात." त्यांना दोष काढायचा नव्हता, पण कानाला ते झेपत नव्हतं. अशा अकॉर्डियनमध्ये एका बटणामागे दोन सूर बोलतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मुद्दाम किंचित चढा ठेवतात. त्या फरकामुळे आवाजाला थरथर येते, मैदानात नाचणाऱ्या लोकांपर्यंत तो पोचतो. आपल्या पेटीतही खर्ज आणि नर असे सुरांचे संच एकत्र बोलतात, पण ते एकमेकांत विरघळलेले लागतात. फट राहिली तर पेटी बेसूर.

मी हे ओमांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना पेटी वाजवायला सांग." बाबांनी सकाळच्या वेळी पेटी काढली आणि पांढरी एक धरून नुसता षड्ज भरला. ओमांनी फोन कानाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग फोन माझ्याकडे देऊन त्या वाद्य परत उघडायला लागल्या.

मी त्यांना थांबवलं. आयुष्यभर ज्या थरथरीसाठी त्यांनी सूर चढे ठेवले, ती काढून टाकणं म्हणजे त्यांच्या कामाच्या विरुद्ध जाणं. शिवाय तासलेलं पोलाद परत येत नाही. त्या म्हणाल्या, "हे वाद्य आता तुझं आहे. तुझ्या कानाने ते घरी वाजलं पाहिजे." सबंध हिवाळाभर त्यांनी दुसऱ्या संचातली एकेक जीभ मुळाशी तासून पहिलीच्या बरोबरीला आणली. रोज थोडंच, कारण तासाभरात हात दुखायला लागे. मी कामावरून आले की दोन जिभा एकत्र वाजवून दाखवायच्या, मी हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. त्यांना माझं "बरं आहे" चालत नसे. हो किंवा नाही.

त्याच दिवसांत पेटीवाले काका मिरजेला घरी आले होते. बाबांनी त्यांना फोनसमोर बसवलं. काकांनी पेटी उघडून एक पितळी सूर धरला आणि मराठीत सांगायला लागले, "टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की..." मी भाषांतर करण्याआधीच ओमांनी आपली कानस उचलून जिभेच्या मुळाशी टेकवली. काका हसले. मग त्यांनी मला विचारलं, "बाईंना विचार, पोलाद हाताला कसं लागतं? पितळ मऊ असतं, ते सांगतं आता पुरे." ओमांचं उत्तर होतं, "पोलाद काही सांगत नाही. तिथे आपणच थांबायचं असतं." पुढे मी बाजूला सरकले. काकांनी पट्ट्या दाखवल्या, ओमांनी चामडी दाखवली, आणि दोघांचं माझ्यावाचून छान चाललं.

वाद्य बंद करायच्या आधी मी ओमांना आतल्या लाकडावर पेन्सिलीने नाव लिहायला सांगितलं. त्यांनी आधी मानेनेच नाही म्हटलं. कारखान्यात तशी पद्धत नव्हती. मी पेन्सिल पुढे धरूनच राहिले. शेवटी त्यांनी जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं, खाली वर्ष घातलं. इथे मी ते नाव देत नाही, त्यांना छापलेलं आवडणार नाही. पण वाद्य जो कोणी उघडेल, त्याला ते दिसेल.

मग वाजवणं. पेटीत बाहेरचा भाता हवा घेतो आणि आतला ती साठवतो, म्हणून हात थोडा इकडेतिकडे झाला तरी सूर एकसारखा राहतो. इथे तशी साठवण नाही. हाताची प्रत्येक हालचाल थेट सुरात येते, आणि एकाच बटणावर दाबताना एक सूर, ओढताना दुसरा. पांढरी एकच्या ओळीत सा, ग, प दाबताना मिळतात, आणि रे, म, ध, नी ओढताना. म्हणजे साधं सा रे ग रे सा म्हणायचं तरी आत, बाहेर, आत, बाहेर, आत. पोल्कासारख्या नाचाला या झटक्यांनी जोर येतो. भूप त्याने तुकडे तुकडे होतो. पण शेजारची ओळ पांढरी चारची आहे, आणि तिच्यात धैवत दाबताना मिळतो. मग ग प ध सां एका दाबात येतं. त्याच ओळीत गंधार आणि पंचम ओढताना आहेत, म्हणून रे ग प ध एका ओढीत. ओळींमधून असं तिरकं जात गेलं की कुठे श्वास तोडायचा आणि कुठे नाही, हे आपल्या हातात येतं. मींड येत नाही, ती पेटीतही येत नाही. गंधार पियानोचाच राहतो, आणि जिन्यावरचा उतरलेला गंधार मला गळ्यानेच भरून काढावा लागतो. तरी एका श्वासात निघालेली ग प ध सां ऐकून बाबा फोनवर "वाहवा" म्हणाले, आणि ती दाद मला बाकी कुठल्याही दादेपेक्षा मोठी आहे.

ओमांनी मला आधी त्यांच्याकडचे नाच शिकवले, नोटेशनशिवाय. त्या समोर बसून हाताने भाता दाखवत, "बाहेर! बाहेर! आता आत!" भूप त्यांनी शेवटी ऐकायला घेतला. त्यांना तो आवडला, पण तक्रार होती की मी डाव्या हाताची बटणं वाजवतच नाही. आम्ही तोड काढली: डाव्या हाताने षड्जाचं एकच बटण, तानपुऱ्यासारखं, अधूनमधून. कॉर्ड मात्र नाहीत.

आता ओमा ट्रोसिंगेनच्या वृद्धाश्रमात असतात. तिथे दुपारी मी वाजवते. ऐकणाऱ्यांत कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या सोबतिणी आहेत. थरथर नसलेला क्लब ऐकून एकीने मला जाब विचारला, की हे असं कोणी केलं. ओमांनी शांतपणे सांगितलं, मी केलं, आणि मग त्यांचा सुरांवरून जो वाद झाला तो मला निम्मासुद्धा कळला नाही, कारण त्या त्यांच्या श्वाबी बोलीत भांडत होत्या.

कानशीची ती डबी त्यांनी मला दिली आहे. तासायला मी त्यांच्याच समोर शिकले, टाकून दिलेल्या पट्ट्यांवर. मी केलेल्या कामाचे पैसे त्यांनी कधी दिले नाहीत आणि त्यांनी केलेल्या कामाचे माझ्याकडून कधी घेतले नाहीत. विषय काढला तरी त्या जिना पुसलास का असं विचारत. मध्यंतरी आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने आजोबांचा अकॉर्डियन माझ्याकडे आणला, काही सूर मुके आणि बरेच उतरलेले. मी तो लावला. ओळखीचा माणूस, म्हणून मी पैसे नको म्हणायच्या बेतात होते. ओमांना फोनवर सांगितलं, तर त्या चिडल्या. त्यांच्या काळी नगाला किती कमी मिळत असे ते मला पुन्हा एकदा ऐकावं लागलं. म्हणाल्या, "आमचं काम लोकांना फुकटच वाटायचं, कारण ते दिसत नाही. तू पैसे घे, आणि कशाचे घेतलेस ते लिहून दे." मी सहकाऱ्याला पावती दिली: चामडी बदलणे, मेण, सूर लावणे. त्याने सूर लावण्याचा आकडा पाहिला आणि काही न बोलता दिला. ती पावती मी ओमांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि मेणाचे पैसे मी कमी लावल्याचं सांगितलं.